काय म्हणालात त्यांना?

कोटाची एक बाही अंगात चढली होती आणि दुसरी अजून शिंप्याच्या हातात होती, तेव्हा आरशातून कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं त्याला वाटलं. आधी त्याने लक्ष दिलं नाही. तीन आरसे एकमेकांना तिरके लावलेले होते, आणि त्यांत तो स्वतःच इतक्या बाजूंनी दिसत होता की बघणाराही आपलाच कुठला तरी तुकडा असेल असं वाटून जावं. शिंपी तोंडात टाचण्या धरून बोलत होता. श्वास सोडा म्हणाला. पोट आत ओढून माप दिलं की कोट फाटेपर्यंत पोट आत ओढूनच राहावं लागतं. त्याने श्वास सोडला. तेवढ्यात आरशातला तो माणूस एक पाऊल पुढे आला. पन्नाशीचा असावा. बगलेत कागदात गुंडाळलेली दुरुस्तीची पँट, आणि चेहऱ्यावर चुकीचं दार वाजवून बसलेल्या माणसाचा संकोच.

"तुम्ही ब्रदर ना?"

त्याने मान हलवली. हॉस्पिटलात सगळे त्याला ब्रदरच म्हणत. नर्स बाई असली की सिस्टर, पुरुष असला की ब्रदर. नावाशी कुणाला देणंघेणं नसे. पण ते तिथे, पांढऱ्या कपड्यांत. इथे रस्त्याकाठच्या दुकानात, अर्ध्या कोटात ती हाक ऐकली आणि अंगावर कपडे कमी पडल्यासारखं झालं. तो माणूस हलक्या आवाजात सांगू लागला. त्याचे वडील पुरुषांच्या वॉर्डात होते, खिडकीजवळच्या कोपऱ्यात. शेवटी शेवटी कुणाला जवळ येऊ देईनात. मुलांना नाही, सुनांना नाही. पाण्याचा पेला पुढे केला तरी हात झटकत. हा आपला दाराबाहेरच्या बाकावर बसून असायचा. एका सकाळी ब्रदर वाटी आणि ब्रश घेऊन आत गेले, म्हाताऱ्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले, आणि म्हाताऱ्याने लहान मुलासारखी हनुवटी वर केली. ब्रदरनी त्यांची दाढी केली. त्याच दुपारी ते गेले. चेहरा कसा लख्ख होता, म्हणाला. घरी आणलं तेव्हा शेजारीपाजारीसुद्धा म्हणाले, झोपलेतच जणू.

"एक विचारू का?" त्याने पुडकं या बगलेतून त्या बगलेत घेतलं. "काय म्हणालात हो त्यांना?"

शिंप्याचाही हात थांबला. ब्रदर आरशात बघत राहिला. आठवायचा त्याने खरोखर प्रयत्न केला. हनुवट्या आठवल्या, कितीतरी. सुरकुती ताणून धरली की तिच्या तळाशी सापडणारे पांढरे खुंट, गळ्याच्या शिरेवरून जाताना आपोआप हलका होणारा हात, साबणाचा कोमट वास. पण हनुवटीच्या वरचा चेहरा कुठे येईना. खिडकीजवळचा कोपरा आठवला, तर त्यात एकामागून एक माणसं झोपून गेलेली, उशीवरच्या खळग्यात खळगा. या माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस आपल्याकडे साधा ओरखडासुद्धा उमटवून गेला नाही, हे त्याच्या लक्षात आलं. तो माणूस वाट बघत होता. इतकी वर्षं बघत आलेलाच होता. आणि मग ब्रदरचं तोंड, त्याला न विचारताच, बोलून गेलं.

"म्हटलं, मुलगा बाहेर बसलाय. त्याच्यासमोर जरा नीटनेटकं दिसू या."

त्या माणसाने दुकानाच्या जमिनीवर पडलेल्या कापडाच्या कातरणांकडे बघितलं, मग बाहेर रस्त्याकडे. "तरीच," तो स्वतःशी म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला, "तरीच." आणि ब्रदरच्या कोट नसलेल्या हाताला ओझरता हात लावून निघून गेला.

शिंप्याने दुसरी बाही पुढे धरली. ब्रदरने ती घातली नाही. पुन्हा येतो म्हणाला, टाचण्या सांभाळत कोट उतरवला आणि बाहेर पडला. शिंप्याला वाटलं, रंग पसंत नाही.

ताईकडे जायचं ठरलेलंच होतं. कोट कसा बसतो ते सांगायचं, भावोजींना होकार द्यायचा. भावोजींच्या ओळखीच्या एका कंपनीत जागा होती. हॉस्पिटलांसाठी बटणावर वरखाली होणारे पलंग ही कंपनी विकत असे, आणि त्यांना असा माणूस हवा होता की ज्याने पलंगाशेजारी उभं राहून आयुष्य काढलंय. हॉस्पिटलांच्या साहेबांसमोर जायचं, बटणं दाबून दाखवायची. फिरायला गाडी, अंगात कोट, रविवारी सुट्टी. भावोजींनी शब्द टाकला होता. यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं, आणि त्याने नाही म्हटलंही नव्हतं. पण आता बसस्टॉपवर बस येऊन उभी राहिली, लोक चढले, बस गेली, आणि तो तिथेच उभा होता. खोटं बोलल्याचं त्याला फारसं वाटत नव्हतं. वॉर्डात दिवसातून कितीदा बोलावं लागतं, आज रंग बरा दिसतोय, सुई कळणारही नाही. खुपत होतं ते निराळंच. ते वाक्य आलं कुठून? इतक्या सहज, घासूनपुसून ठेवल्यासारखं कसं आलं? मुलगा बाहेर बसलाय.

तो चालत निघाला. चालताना हात कुठे ठेवावेत हे त्याला कधीच कळलेलं नव्हतं. वॉर्डात हातांना घर होतं. रस्त्यावर आले की ते परक्या गावात उतरल्यासारखे लोंबत. नर्सिंगला तो आला तोही असाच, वाट चुकून. डॉक्टरकीला मार्क कमी पडले, तेव्हा बाबा म्हणाले होते, तूर्त हे कर. बाबा सरकारी कचेरीत नकाशे काढत. पेन्सिलीला सुईसारखं टोक, नखं पांढरीशुभ्र, बोलणंही पट्टीने आखल्यासारखं. तूर्त या शब्दाखाली त्यांनी एक रेघ मारली असावी, कारण नंतर कितीतरी वर्षं ते लोकांना सांगत राहिले, मुलगा मेडिकल लाइनमध्ये आहे. यात खोटं काही नव्हतं. एका स्थळाच्या वडिलांनी मात्र खोदून विचारलं होतं, म्हणजे नक्की काय करता? त्याने नक्की काय ते सांगितलं. ऐकून त्या गृहस्थांनी त्याच्या हातातल्या कपबशीकडे बघितलं, आणि मग ती परत घेताना अगदी कडेला धरून घेतली. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. त्या घरातून निघाल्यावर ताई रस्ताभर त्या लोकांच्या फर्निचरला नावं ठेवत होती, आणि तो बशीच्या त्या कडेचाच विचार करत होता.

पण वाट चुकून आलेल्या माणसाला कधीकधी त्या वाटेवरच आपलं काहीतरी सापडतं, आणि ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. शिकत असताना, पहिल्याच वर्षी, अंगावरून वारं गेलेला एक पोस्टमन वॉर्डात होता. अंगाने धिप्पाड, एक बाजू लाकडासारखी. मोठ्या सिस्टर, ज्यांच्या हाताखाली सगळे शिकले आणि ज्यांना सगळे टरकून असत, त्यांनी त्याला पोस्टमनला कुशीवर वळवायला सांगितलं. त्याने जोर लावला. सिस्टरनी त्याच्या मनगटावर टिचकी मारली. हमाली नाही ही, म्हणाल्या. आधी त्याला कळू दे की तू आलायस. मग त्याचं वजन तोच देईल. त्याने तळहात पोस्टमनच्या खांद्याखाली सरकवला आणि नुसता थांबला. थोड्या वेळाने त्या जड देहातून काहीतरी सैल झाल्याचं त्याच्या तळव्याला कळलं. गाठ सुटते तसं. मग वळवणं जमून गेलं. पाठ पुसून, चादरीची चुणी काढून त्याने उशी खोचली, तेव्हा पोस्टमनच्या अर्ध्या तोंडातून लांब श्वास बाहेर पडला, आणि तो तिथल्या तिथे झोपी गेला. ब्रदर, जो तेव्हा ब्रदर नव्हता, हातात ओला फडका घेऊन उभा राहिला. छातीत काहीतरी इतकं भरून आलं होतं की त्याला लाज वाटली. दुसऱ्याच्या दुखण्याशेजारी उभं राहून आनंद व्हावा, हे काही चांगल्या माणसाचं लक्षण नव्हे, असं त्याला वाटलं. त्याने तो आनंद घाईघाईने झाकून टाकला, आणि तेव्हापासून तो झाकलेलाच होता. लोक म्हणत, कसं काय करता बुवा तुम्ही हे. तो म्हणे, सवय होते. एवढं एकच उत्तर जगाला चालण्यासारखं होतं.

आता पूल लागला. खालचं पाणी संथ आणि मळकट होतं. पुलावर मध्यापर्यंत आल्यावर बाबांची ती आजारपणातली खोली आठवू नये म्हणून त्याने पलंगांचा विचार करून बघितला. बटण दाबलं की डोक्याकडची बाजू वर येते. दुसरं दाबलं की गुडघ्यांखालची. माणसाला हात न लावता माणूस उठून बसतो. पण खोली आलीच. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा घरात दोघंच होते, ते आणि तो. आई कधीच गेली होती आणि ताई तिच्या घरी. त्याने पहिल्याच सकाळी पाणी तापवलं, फडके घेतले, बाह्या वर केल्या. बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, तू नको. इतकंच. मग एक माणूस ठेवावा लागला. तो रोज सकाळी येई आणि खोलीचं दार लोटून घेई, आणि हा बाहेर, स्वतःच्याच घरात, भिंतीला टेकून उभा राही. आतले आवाज ऐकू येत. फडका नीट पिळलेला नाही हे आवाजावरून कळे. पाणी गार झालंय, हे त्या माणसाच्या घाईवरून कळे. बाबांना उचलताना त्याने काखेत हात घातला की बाबांच्या घशातून एक बारीक आवाज निघे, आणि दाराबाहेर याचे तळहात आपोआप वळत, असं नाही, असं. मग बस पकडून तो वॉर्डात जाई आणि दिवसभर परक्या माणसांना बिनआवाजाचं उचलत राही. आपल्या बापाला आपल्या हातांची किळस आहे, की आपल्या कामाची, एवढंच काय ते ठरवायचं राहिलं होतं. आणि बाबा ते न सांगताच गेले. त्यांची दाढी त्या ठेवलेल्या माणसानेच केली होती. कानाखाली एक पट्टा राहून गेला होता.

पुलाच्या कठड्याला धरून तो थांबला. त्या दुकानातल्या माणसाला आपण त्याच्या बापाचं काही सांगितलंच नव्हतं. स्वतःला ऐकायचं होतं तेच सांगितलं होतं. मुलगा बाहेर बसलाय. हे बाबांना कुणीतरी आत जाऊन सांगावं, असं त्याला रोज सकाळी वाटलं होतं. आणि आता ते उसनं समाधान घेऊन तो माणूस आपल्या घरी पोचलाही असेल, बायकोला सांगत असेल. परत कसं मागायचं? आणि कशासाठी?

ताईने दार उघडलं आणि आधी त्याच्या हाताकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे. कोट कुठेय, म्हणाली. तो म्हणाला, राहू दे कोट. भावोजी आतून हसतच बाहेर आले; त्यांना वाटलं शिंप्याने घोळ घातला. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं की ही नोकरी त्याला जमणार नाही. भावोजींनी कारण विचारलं. तर म्हणाला, पलंगावर माणूस नसला की मला काय बोलावं ते कळत नाही. भावोजी पुन्हा हसले, पण मग हसणं उतरत गेलं आणि ते खुर्चीत बसले. माणूस वाईट नव्हता. आपण कुणापुढे तरी शब्द टाकला होता, आता तो परत उचलायला खाली वाकावं लागणार, एवढंच म्हणाले, आणि फिरायला जातो म्हणून चप्पल घालून गेले.

ताई कपड्यांच्या घड्या घालू लागली. रागावली की ती घड्या घाली. लहानपणापासून तो तिचा राग कपाटात नीट रचलेला बघत आला होता. घड्या घालत ती बोलत राहिली. वय काय झालं, ठाऊक आहे का? सणवार नाही, रविवार नाही, कुणाच्या लग्नाला वेळेवर पोचणं नाही. कुठल्या मुलीने काय म्हणून हो म्हणावं? उद्या तूच पडलास अंथरुणावर तर बघायला कोण आहे, मी काय जन्माला पुरणार आहे का? यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणून तो ऐकत राहिला. मग ती म्हणाली, बाबा असते तर त्यांनी तरी समजावलं असतं. आणि त्याच्या तोंडून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ते निघून गेलं. बाबांना माझा हात लागलेलासुद्धा चालत नव्हता, म्हणाला. ते काय समजावणार?

ताईचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. एका टॉवेलाची घडी तिने मोडून नव्याने घातली.

"मला म्हणाले होते ते," ती टॉवेलाकडे बघतच म्हणाली. "मी विचारलं होतं त्यांना, त्याला का नको म्हणता? तर म्हणाले, दिवसभर तो लोकांच्या बापांना उचलतो. घरी आल्यावर त्याला त्याचा बाप असू दे."

खोलीत पंखा फिरत होता. त्याने विचारलं, मग तू हे कधी सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, तू कधी विचारलंस?

त्याने तिच्याकडे नीट बघितलं. तिने मान वर केली नाही. बाबा इतकं लांब बोलत नसत. बाबांचं वाक्य कसं असायचं, तू नको. हे वाक्य घासूनपुसून आलेलं होतं, पट्टीने आखलेलं नव्हतं. त्यात ताईचा हात दिसत होता, आईच्या माघारी त्याच्या फाटक्या शर्टांना ठिगळं लावणारा, ठिगळ दिसू नये म्हणून आतून टाके घालणारा. की खरंच म्हणाले असतील? मुलीशी माणूस वेगळं बोलतो. अंथरुणात पडल्या पडल्या, छताकडे बघत, एकदाच लांब वाक्य बोलावंसं वाटलं असेल. घशाशी प्रश्न आला होता. विचारला असता तर ताईने खरं सांगून टाकलं असतं. ती तशी होती. त्याने विचारला नाही. नुसतं हं म्हणाला. ताईने टॉवेल घड्यांवर ठेवला, त्यावरून तळहात फिरवला, आणि जेवून जा म्हणाली. तो जेवला. निघताना तिने त्याच्या हातात डबा दिला आणि दार लावण्याआधी म्हणाली, भावोजींचं मी बघते.

खोलीवर आल्यावर त्याने दिवा लावला, खुर्चीत बसला आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. बापावरचा राग ही इतकी वर्षं सोबत होती. ती आता नेमकी राहिली की गेली, ते कळेना. आणि गेली असेल तर तिच्या जागी दुसरं कुणी अजून आलेलं नव्हतं. खोली होती त्याहून मोठी वाटत होती. पलंग विकायचे नाहीत, एवढं ठरलं होतं. पण ठरल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात, तसं काही वाटलं नाही. फक्त सकाळी वॉर्डात जायचंय, हे आठवल्यावर हात मांडीवर शांत पडून राहिले.

सकाळी वॉर्डात नेहमीचीच गडबड. चादरी बदलणं चाललं होतं, खिडक्यांतून उन्हाचे पट्टे पलंगांवर आडवे पडले होते, कुणाचं तरी ताट जमिनीवर पडून खणखणत फिरत राहिलं. मधल्या रांगेत एक बेकरीवाला नवीन आला होता. भट्टीचा भडका उडून दोन्ही हात भाजलेले. कोपरापर्यंत पांढरे गठ्ठे बांधून तो उशीला टेकून बसला होता, पीठ मळून ठेवल्यासारखा गोरागोमटा, ऐसपैस. आल्यापासून तो सगळ्यांना हसवत होता. माझ्या हातांचा पाव झालाय बघा, म्हणे, फक्त जरा जास्त भाजला. पण रात्रपाळीच्या सिस्टरनी सांगितलं की तो काही मागत नाही. पाणी पाहिजे का विचारलं तर नको, उशी सरकवू का तर नको. घरचं कुणी आलेलं नव्हतं. येणार आहेत का, तर म्हणाला, बघू.

ब्रदर त्याच्या पलंगाशी गेला. ताप बघितला, पट्ट्या बघितल्या. बेकरीवाला एक विनोद सांगू लागला, आणि विनोद सांगता सांगता उशीवर अंग घुसळू लागला, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, कुणाला कळू नये अशा बेताने. विनोदाचा शेवट तो विसरला. त्याचे डोळे पाणावले होते.

ब्रदरने पलंगाच्या कडेवर बूड टेकलं आणि तळहात बेकरीवाल्याच्या खांद्याच्या पाठीमागे नुसता ठेवला. थांबला.

"ब्रदर," बेकरीवाला खाली बघत म्हणाला, "हसणार नसाल तर सांगतो. पाठ खाजतेय. कालपासून जीव जायची पाळी आलीय."

"कुठे?"

"वर. नाही, डावीकडे. माझ्या डावीकडे. जरा खाली." मग त्याचा आवाज बदलला. "हां. हां, हां. तिथेच."

त्याने डोळे मिटले. त्याचं सगळं वजन सावकाश मागे ब्रदरच्या हातावर आलं. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा पेपर खाली करून बघू लागला आणि समजूतदारपणे पुन्हा पेपर वर केला. सदऱ्याखाली पाठ उबदार होती आणि बोटांखाली खाजेच्या रेघा उमटत होत्या. त्या सकाळी वॉर्डात करण्यासारखी ढीगभर कामं होती आणि त्यांतलं एकही याहून मोठं आहे असं त्याला वाटेना. छातीत ते जुनं भरून आलं. या वेळी त्याने ते झाकलं नाही. झाकायला तिथे कुणाची भीतीही नव्हती.

"एकटं राहिलं की हाच घोळ," बेकरीवाला डोळे मिटूनच बोलला. "बाकी सगळं माणूस निभावतो. पाठीचं काय करायचं?" थोडं थांबून त्याने विचारलं, "तुमची कोण खाजवतं हो?"

"दाराची चौकट."

बेकरीवाला असा हसला की पलंग करकरला आणि त्याचे ते पांढरे गठ्ठे हवेत उडाले, आणि दुखलं म्हणून हाय हाय करत तो पुन्हा हसला. म्हातारा पेपराआड हसत होता. ब्रदरलाही हसू आलं, आवाजासकट, आणि आपला हा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

"माझे हात सुटू द्या," बेकरीवाला म्हणाला. "मग या दुकानावर. फेड करून टाकतो."

"येईन," ब्रदर म्हणाला.

खाज केव्हाच गेली होती. पण बेकरीवाल्याने पुरे म्हटलं नाही, आणि त्याचाही हात थांबला नाही.